पगार म्हणायची लाज

खराडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तशी आमच्या वस्तीतल्या निम्म्या बायकांच्या गळ्यात फोटो लावलेली ओळखपत्रं आली. काम झाडायचं आणि लादी पुसायचंच, पण कंत्राटदाराने त्याला 'हाउसकीपिंग' असं नाव दिलं होतं. माझ्या सासूबाई महानगरपालिकेत झाडू खात्यातून निवृत्त झालेल्या, परमनंट. त्या म्हणाल्या, "बघ, झाडूचंबी बारसं झालं." मी खूप हसले. माझ्याही कामाला असंच एक गोंडस नाव होतं आणि ते मला फार आवडायचं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

माझं काम बालवाडीचं. हडपसरला कालव्याच्या कडेला आमची वस्ती. मधोमध विहार, तो वस्तीने स्वतः वर्गणी काढून आणि डोक्यावरून वाळू वाहून बांधलेला. विहाराच्या मागच्या खोलीत वस्तीच्या मंडळाने बालवाडी सुरू केली, कारण दुसरी बालवाडी हमरस्त्याच्या पलीकडे होती आणि एवढ्याशा पोरांना रस्ता ओलांडून पाठवायचं म्हणजे जीव टांगणीला. आणखी एक कारण होतं. ते कोणी बोलायचं नाही. आपल्या पोरांना परक्या वर्गात कुठे बसवतात, हे मोठ्यांना स्वतःच्या लहानपणापासून माहीत होतं. म्हणून शाळा आपली, खोली आपली आणि बाईही आपलीच हवी, असं ठरलं.

ती बाई मी. मी वस्तीची सून. माझी आई नारायण पेठेत धुणीभांडी करायची. मी लहानपणी तिच्याबरोबर जायचे, त्यामुळे तिथली शुद्ध भाषा आणि तिथला तिरकसपणा दोन्ही मला फुकटात मिळाले. दहावी झाले होते. बालवाडीचा कोर्स सासूबाईंनी त्यांच्या पगारातून करवला. एवढं शिकलेली सून वस्तीत दुसरी नव्हती, त्यामुळे मला निवडून कोणी माझ्यावर उपकार केले असंही नाही.

मंडळाचे अध्यक्ष पोस्टातून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आवाज कधी चढायचा नाही. सासरच्या नात्याने मी त्यांना मामा म्हणायचे आणि ते मला सूनबाई. पहिला महिना भरला तेव्हा त्यांनी विहारात सगळ्यांसमोर माझ्या हातात पाकीट ठेवलं.

"सूनबाई, हे मानधन. याला पगार म्हणायचं नाही. पगार नोकराला असतो. तू आमच्या पोरांची गुरू आहेस."

मी तरंगतच घरी आले. आयुष्यात मला कोणी गुरू म्हणालं नव्हतं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती?" मी पाकीट दाखवलं. त्यांनी ते बघितलं आणि पुन्हा ताटात बोटं घातली.

"माज्या झाडूला पगार हाय, पेन्शन हाय, दिवाळीला बोनस हाय. तुज्या खडूला काय हाय?"

"मान आहे, आत्याबाई."

"मान व्हय? मानंवर जू ठेवत्यात, एवढं ध्यानात ठेव."

मला राग आला. झाडूवाल्या बाईला मानधनातलं काय कळणार, असं मी मनात म्हणाले. माझ्या कोर्सची फी त्या झाडूनेच भरली होती, हे त्या वेळी मला आठवलं नाही.

काम मात्र मी जीव लावून केलं. पहिले काही आठवडे मी पोरांना अक्षरं शिकवायचेच नाही. एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात न सांडता पाणी ओतायला शिकवायचे, बटणं लावायला, चप्पल जोडीने काढून ठेवायला, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायला. आया तक्रार करायच्या, "बाई, पाण्यात खेळायला पोरगं पाठवलंय काय?" मी म्हणायचे, "पेला धरता आला की पेन्सिल धरता येते. धीर धरा, नाहीतर तुम्हीच शिकवा." नारायण पेठेचं पाणी असं अधूनमधून तोंडातून यायचं.

मग खराडी आली. कंत्राटदाराचा टेम्पो भल्या पहाटे वस्तीच्या तोंडाशी थांबायचा. आया झोपेतली पोरं माझ्याकडे टाकून टेम्पोत चढायच्या. सकाळची दोन-तीन तासांची बालवाडी दुपारपर्यंत गेली, मग संध्याकाळपर्यंत. हे कोणी ठरवलं नव्हतं, ठराव झाला नव्हता. गवळ्याच्या दुधात पाणी वाढत जातं तसं ते वाढलं. पोरांची आंघोळ, जेवण, दुपारची झोप, तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्ट्या, हे सगळं आता बालवाडीत होतं. पाकीट मात्र पहिलंच राहिलं. त्याबद्दल मंडळाला काहीतरी वाटत असावं, कारण दर जयंतीला माझा सत्कार व्हायचा. शाल, पुष्पगुच्छ, काचेचं सन्मानचिन्ह. घरात शाली इतक्या झाल्या की सासूबाईंनी दोन शाली जोडून गादीला खोळ शिवली. "तुज्या मानावर चांगली झोप लागती," म्हणाल्या.

त्यातच माझ्या नवऱ्याच्या कारखान्याने माणसं कमी केली. हातात काही रक्कम ठेवून त्याला घरी बसवलं. तो दुसऱ्याची रिक्षा पाळीवर चालवायला लागला. कधी रिक्षाचं भाडं सुटायचं, कधी तेही नाही. घर चालायचं सासूबाईंच्या पेन्शनवर, म्हणजे झाडूवरच. मी, गुरू, पोळी खायचे ती झाडूची.

कालव्यापलीकडे नवी सोसायटी झाली होती, उंच, फाटकावर पहारेकरी. तिथे एका मॅडमनी प्लेग्रुप काढला. त्यांच्याकडे आमच्या वस्तीतली एक बाई कामाला होती, तिच्याकडून त्यांनी माझ्याबद्दल ऐकलं आणि मला बोलावलं. शिकवायला त्यांच्याकडे नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुली होत्या. मला पोरांना सांभाळायचं होतं, शी-शू, डबा, झोप. मॅडमनी 'सॅलरी' सांगितली. मी दोनदा विचारलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. शिकवायचं नाही म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं नाही. पैशाचंच वाटलं, आणि येताना कालव्याच्या पुलावर त्याचीच लाज वाटली.

मी गेले असते तर बालवाडी बंद पडली असती, हे उघड होतं. त्या पाकिटात पहाटेपासून संध्याकाळपर्यंत बसायला दुसरी कोण येणार? आणि बालवाडी बंद म्हणजे टेम्पोत चढणाऱ्या बायकांचंही काम बंद. मॅडमना म्हणाले, विचार करून सांगते. मनाशी ठरवलं, आधी मामांकडे पगार मागायचा. मिळाला तर राहायचं.

मामांच्या ओट्यावर गेले. मामींनी चहा दिला. मी पदराशी चाळा करत बसले. तो साधा शब्द, पगार, माझ्या जिभेवर येईना. ज्यांनी वाळू वाहून ही खोली बांधली त्यांच्याकडे पगार मागायचा? ज्यांना मी मामा म्हणते त्यांना नोकराची भाषा बोलायची? शेवटी म्हणाले, "मामा, घरात जरा ओढाताण होतेय. मानधनाचं काही बघता आलं तर..."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं सूनबाई, आधी नाही का सांगायचं? आम्ही काय मेलो होतो?"

मला वाटलं, जमलं.

आमच्या वस्तीत एखाद्या घरावर वाईट वेळ आली, की बायका पदर पसरून घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा करतात. याला नुसतं 'मूठ' म्हणतात. देणारा किती देतो हे बघायचं नाही, घेणाऱ्याने नाही म्हणायचं नाही. मी सून म्हणून आल्यापासून कितीतरी मुठी दिल्या होत्या. शेवटची, इमारतीच्या परांचीवरून पडून गेलेल्या एका गवंड्याच्या घरी.

दुसऱ्या दिवशी पहाटे बालवाडीच्या दारात बायका उभ्या. पुढे होती खराडीला जाणारी एक, जिचा मुलगा माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळ असायचा. गळ्यात ओळखपत्र, अंगात निळा गणवेश आणि वरून घेतलेल्या ओढणीच्या झोळीत तांदूळ. मागच्यांच्या पदरात डाळ, साखर, चहापूड. त्यांनी ते सगळं माझ्या सतरंजीवर ओतलं.

"बाई, लाजू नका. येळ समद्यांवरच येती," ती म्हणाली आणि टेम्पोचा हॉर्न वाजला म्हणून धावत गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरं ढिगाभोवती गोळा झाली. एकीने तांदळात बोट खुपसलं आणि विचारलं, "बाई, तुमच्या घरी कोण वारलं?"

मी पोरांना बाजूला केलं आणि सतरंजीची चारही टोकं गोळा केली.

संध्याकाळी ते धान्य घरी नेलं. सासूबाई टोमणा मारतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी टोमणा मारला नाही, हेच जास्त लागलं. त्या पिशवीकडे बघत बसल्या.

"नवरा गेला तवाबी मी कुनाची मूठ घेतली न्हाई. पगार हुता माजा." मग म्हणाल्या, "तू मागितलंस काय त्यांच्याकडं?"

"ओढाताण होते म्हणाले."

"मग त्यांचं काय चुकलं? ओढाताणीला मूठच मिळती. पगार मागितला असतास तर पगाराचं उत्तर मिळालं असतं, हो न्हाईतर न्हाई."

मी त्यांच्याशी भांडले. का, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांचं बरोबर होतं म्हणूनच असेल.

मूठ परत करायचं ठरवलं. पण करणार कशी? रेशनचा जाड तांदूळ, कोणाच्या गावचा इंद्रायणी, कोणी मालकिणीकडून आणलेला बासमती, सगळं एकमेकांत मिसळलेलं. कोणाचा दाणा कोणाच्या दारात नेऊन ठेवू? शेवटी विहारातलं मोठं पातेलं काढलं, बालवाडीच्या अंगणात चूल मांडली आणि सगळ्याची खिचडी केली. पोरं दोन दुपारी पोटभर जेवली. ज्याच्या घरचं होतं ते त्याच्या पोराच्या पोटातून त्याच्या घरी गेलं. मला वाटलं, मी फार हुशारीने सुटले.

पोरांनी घरी सांगितलं आणि वस्ती भडकली. मूठ परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. नळावर बायका माझ्याशी बोलेनात. खराडीवालीने आपलं पोरगं माझ्याकडे न बघता आत ढकललं. दिलेलं घेतलं नाही याची लाज आता मागितल्याच्या लाजेवर येऊन बसली.

रविवारी वंदना झाल्यावर मामांनी सगळ्यांना थांबवलं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, दारात सासूबाई. मामांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण दुखावलेला.

"सूनबाई, तू वस्तीचा हात झिडकारलास. असं आपल्यात कधी झालं नव्हतं."

मी उभी राहिले. इतक्या वर्षांत मी तिथे पोरांसमोर उभी राहिले होते, सत्काराला उभी राहिले होते, पण अशी नाही.

"मामा, माझ्यावर वाईट वेळ आलेली नाही. मी काम करते. मला पगार हवाय. तेवढं त्या दिवशी म्हणायची लाज वाटली, म्हणून ओढाताण म्हणाले. चूक माझी आहे. पण पगार हवाय."

कोणीतरी मागून म्हणालं, "आपल्याच पोरांचा पगार?" कोणीतरी म्हणालं, "समाजाकडनं?" मामा खाली बघत म्हणाले, "मी इतकी वर्षं मंडळाचं करतो. एक पैसा घेतला नाही."

"तुम्हाला पोस्टाची पेन्शन आहे, मामा."

जीभ नारायण पेठेची, तोंड सुनेचं. ते वाक्य बाहेर पडलं आणि माझं मलाच ऐकवेना. मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ओळखीच्या माणसाने पत्त्यातली चूक दाखवल्यावर बघावं, तसं. मग म्हणाले, "बरोबर आहे. बोल. किती?"

आणि मला आकडाच माहीत नव्हता. पोरांना मी आकडे शिकवत होते आणि स्वतःचा एक आकडा मी कधी मनात उच्चारला नव्हता. मॅडमनी सांगितलेली सॅलरी सांगायची हिंमत होईना. पाकिटातल्या रकमेवर थोडंसं चढवून मी काहीतरी बोलले. तो आकडा मी इथे लिहीत नाही. अजून लाज वाटते.

बायकांमधून खराडीवालीचा आवाज आला. "बाई, आवो, एवढ्यात आमचा कंत्राटदार लादी पुसायला बाई ठिवत न्हाई."

पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. मी तोंडाला पदर लावला. इतकी वर्षं ज्यांच्या हाउसकीपिंगला मी हसले, त्यांच्यासमोर माझी किंमत मीच लादीच्या खाली लावून बसले होते.

पण ती खाली बसली नाही. ती पुरुषांकडे वळली.

"हसताय काय? आमची पोरं लादीपरास स्वस्त हायेत व्हय?"

कोणी हसलं नाही. तिचाही आवाज पडला. ती गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाली, "मीबी त्यातलीच हाय. रोज पोरगं टाकून जाती, एक रुपाया दिला न्हाई. मूठ दिली. मूठ द्यायला बरं वाटतं."

माना सगळ्यांच्याच खाली होत्या. माझीही.

पुढे जे झालं ते काही एका बैठकीत झालं नाही. कुरबुरी झाल्या, एक-दोघांनी पोरं काढली आणि पुन्हा घातली. जयंतीच्या स्पीकरवरून भांडण झालं, कारण माझ्या पगारासाठी स्पीकरच्या भिंती कमी करून पैसे वाचवायला तरुण पोरं तयार नव्हती. शेवटी कामाला जाणाऱ्या आयांनी दरमहा फी द्यायची आणि उरलेलं मंडळाने घालायचं, असं ठरलं. माझ्या आकड्यापेक्षा ते जास्त होतं. लादीपेक्षा तरीही कमी होतं. मी कालव्यापलीकडच्या मॅडमना नाही कळवलं. त्यांनी 'इट्स ओके' म्हटलं, जणू मी चहा नको म्हणाले होते.

महिना भरला. मामा बालवाडीत आले, इस्त्रीचा शर्ट, हातात पाकीट. पोरं पेल्यातलं पाणी ओतत होती. सासूबाई नातवाला, म्हणजे माझ्या मुलाला, न्यायला आल्या होत्या, दारातच थांबल्या.

"सूनबाई, हा तुझा..." मामांनी घसा खाकरला. त्यांनाही तो शब्द जड जात होता. "हा तुझा पगार."

मी पाकीट घेतलं, दोन्ही हात जोडले, मान लववली आणि म्हणाले, "आभारी आहे, मामा."

मामा गेले. सासूबाई नातवाला चप्पल घालत होत्या. चपलेचा पट्टा आवळत म्हणाल्या, "पगाराला हात जोडत्यात व्हय गं? मी एवढी वर्सं घेतला. मुकादमाला कधी हात जोडले न्हाईत. रस्ता झाडलेला हुता म्हणून मिळायचा."

पुढच्या महिन्यात मी पाकीट एका हाताने घेतलं. दुसरा हात आपणहून वर येऊ नये म्हणून तो पदरात गच्च धरून ठेवला होता.